यंदा ख्रिसमसला स्नो पडणार का?



डिसेंबर लागला की आपल्या लोकांत दोन प्रश्न हमखास निघतात. पहिला, "यंदा इंडियाला जाताय का?" आणि दुसरा, "यंदा ख्रिसमसला स्नो पडेल का हो?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिकिटांचे भाव बघून ठरतं. दुसऱ्याचं उत्तर देण्याचा आज मी प्रयत्न करणार आहे.

आधीच सांगतो, मी हवामानतज्ज्ञ नाही. मी आयटी कन्सल्टंट आहे, मधे नोकरी करता करता एमबीए केलं. "आधी आकडे बघा, मग निर्णय घ्या" हे लोकांना सांगायचे मी पैसे घेतो. पण घरचा एक निर्णय मी आकडे न बघता घेतला आणि त्याची चुटपुट अजून गेलेली नाही. तुमच्यापैकी कुणी आई-बाबांना, सासू-सासऱ्यांना स्नो दाखवायला इथे बोलवायचा बेत करत असेल, तर आजचं बोलणं खास तुमच्यासाठी आहे.

मी २००९ साली इंग्लंडला आलो, रेडिंगला. त्याच वर्षी २१ डिसेंबरला संध्याकाळी रेडिंग-बेसिंगस्टोक भागात असा काही बर्फ पडला की रस्ते ठप्प झाले. वीस मिनिटांच्या रस्त्याला मला पाच तास लागले. घरी पोचलो तेव्हा बूट ओले, पाय बधिर, पण मनातून काय खूश होतो! दुसऱ्या वर्षी, २०१० ला, तर कहरच झाला. ख्रिसमसच्या आधी हीथ्रो विमानतळ बंद पडला आणि ख्रिसमसच्या सकाळी बघावं तिकडे पांढरंशुभ्र. देशभरातला तो शंभर वर्षांतला सगळ्यात थंड डिसेंबर होता. मला मात्र वाटलं, इंग्लंडात ख्रिसमस असाच असतो. कार्डांवर असतो तसा.

आईला फोनवर सांगितलं, "आई, पुढे कधी याल तेव्हा ख्रिसमसलाच या. तुला स्नो दाखवतो."

आमची आई बार्शीची. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिनं बत्तीस वर्षं शिकवलं. हिमालय शिकवला, ध्रुवप्रदेश शिकवला, एस्किमो शिकवले. पण तिनं स्वतः पाहिलेला बर्फ म्हणजे लाकडाच्या भुशात गुंडाळून येणारी कारखान्यातली लादी आणि जत्रेतला गोळा. ती निघाली तेव्हा शेजारच्या एका मुलानं तिला विचारलं होतं, "बाई, बर्फ पडताना आवाज कसा येतो हो?" पावसाचा येतो, गारांचा येतो, मग बर्फाचा कसा? आई म्हणाली, "ऐकून येते आणि तुला सांगते."

आई-बाबा २०१२ च्या डिसेंबरात आले. तारखा मी ठरवल्या होत्या. ख्रिसमसच्या दिवसांत क्लायंटकडे सगळी कामं थंडावतात, नवीन काही लाइव्ह जात नाही, त्यामुळे माझी सुट्टी सहज मंजूर होते. म्हणून येणं १२ डिसेंबरला आणि जाणं १५ जानेवारीला. पुढे चुलत बहिणीचं लग्न होतं, त्यामुळे मुक्काम लांबवता येण्यासारखा नव्हता.

आणि त्या वर्षी काय झालं? पाऊस! २०१२ हे इंग्लंडमधलं तोवरच्या नोंदींतलं सगळ्यात ओलं वर्ष ठरलं. थेम्स दुथडी भरून वाहत होती. ख्रिसमसच्या दिवशी सकाळी आई शाल पांघरून खिडकीशी बसली होती आणि बाहेर बार्शीला श्रावणात पडतो तसा पाऊस पडत होता. रात्री झोपायच्या आधी ती पडदा सारून समोरच्या दिव्याच्या उजेडात बघायची. मीच सांगितलं होतं तिला, की स्नो पडायला लागला की तो आधी दिव्याखाली दिसतो. बाबा म्हणायचे, "अरे, आम्ही बर्फ बघायला नाही आलो, नातीला बघायला आलोय." माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. ती रोज आजीला सांगायची, "उद्या पडेल."

१५ जानेवारीला, मंगळवारी, मी त्यांना विमानात बसवून दिलं. १८ जानेवारीला, शुक्रवारी, स्नो पडला. अंगणात, छपरांवर, गाडीवर, सगळीकडे. तीन दिवसांचा फरक!

मग मात्र मी, उशिरा का होईना, आकडे काढून बसलो. ते आता तुम्हाला सांगतो.

एमबीएच्या पहिल्याच वर्गात शिकवतात की आधी व्याख्या बघा. टार्गेट कशाला म्हणायचं तेच ठरलं नसेल, तर टार्गेट गाठलं की नाही हे कसं सांगणार? तर 'व्हाइट ख्रिसमस' म्हणजे काय? इथलं मेट ऑफिस म्हणतं, २५ डिसेंबरच्या चोवीस तासांत देशात कुठेही बर्फाचा एक कण पडताना दिसला, तरी पुरे. एक कण! साचायला नको, पांढरं दिसायला नको.

ही व्याख्या आली सट्टेबाजीतून. ख्रिसमसला स्नो पडेल की नाही यावर इथे पैजा लागतात, आणि पैजेचा निकाल द्यायला स्पष्ट नियम लागतो. पूर्वी लंडनमधल्या एकाच जागेवरून निकाल ठरायचा. पैजा वाढल्या तशा जागाही वाढल्या. बकिंगहॅम पॅलेस आला, एडिंबराचा किल्ला आला, ॲबर्डीनचं फुटबॉल मैदानसुद्धा आलं.

या व्याख्येनं पाहिलं तर व्हाइट ख्रिसमस अजिबात दुर्मीळ नाही. २०२१, २०२२ आणि २०२३ ही तिन्ही वर्षं कागदोपत्री 'व्हाइट' होती. पण २०२२ मध्ये जेमतेम ९ टक्के केंद्रांवर स्नो पडल्याची नोंद झाली आणि जमिनीवर साचल्याची नोंद कुठेच नाही. २०२३ मध्ये ११ टक्के केंद्रांवर पडला, साचला कुठेच नाही. तुम्हाला त्यातला एक तरी ख्रिसमस पांढरा आठवतो का? मला नाही आठवत. २०२४ मध्ये तर तेवढंही नाही, दिवस चांगला उबदार होता.

आता आपल्या मनातली व्याख्या लावू. सकाळी पडदा उघडला की बाहेर सगळं पांढरं हवं, मुलांना स्नोमॅन करता आला पाहिजे. तर देशातल्या ४० टक्क्यांहून जास्त केंद्रांवर ख्रिसमसच्या दिवशी जमिनीवर बर्फ होता, अशी वर्षं १९६० पासून किती? फक्त चार. १९८१, १९९५, २००९ आणि २०१०. पासष्ट वर्षांत चार, म्हणजे सरासरी सोळा वर्षांतून एकदा. २०१० ला तर ८३ टक्के केंद्रांवर बर्फ साचलेला होता.

माझी चूक कुठे झाली ते आता लक्षात आलं ना? चारातली दोन वर्षं लागोपाठ आली आणि नेमकी तीच माझी इथली पहिली दोन वर्षं. दोन वर्षं बघून मी नियम बांधला. ऑफिसात कुणी ज्युनिअर मुलानं दोन महिन्यांच्या विक्रीवरून दहा वर्षांचा अंदाज बांधला, तर मी त्याला हसेन. घरी मी तेच केलं, आणि वर आईला शब्द देऊन बसलो.

अर्थात हे सरासरीचं गणित आहे. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात राहणाऱ्यांना शक्यता बरीच जास्त. आपण बहुतेक जण लंडन, स्लाउ, रेडिंग, मिल्टन कीन्स या पट्ट्यात राहतो. सखल आणि उबदार, त्यामुळे शक्यता कमी. आणि हवामान तापत चाललंय, तशी ती आणखी कमी होत जाणार.

आता कुणी म्हणेल, २१-२२ डिसेंबरला सगळ्यात लहान दिवस असतो, मग थंडीही तेव्हाच सगळ्यात जास्त नको का? नाही. गॅस बंद केला तरी तवा लगेच गार होत नाही, बराच वेळ तापलेला राहतो. ब्रिटनच्या भोवतीचा समुद्र म्हणजे असा तवा आहे. उन्हाळ्यात साठवलेली ऊब तो डिसेंबरातही सोडत असतो. समुद्राचं पाणी सगळ्यात गार होतं ते फेब्रुवारी-मार्चमध्ये. त्यात आपल्याकडे वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून, अटलांटिकवरून येतो. तो ओलावा आणतो, पण ऊबही आणतो. म्हणून पाऊस. स्नो पडायला उत्तरेची किंवा पूर्वेची कोरडी थंड हवा यावी लागते आणि तिला ओलावाही भेटावा लागतो. हा योग डिसेंबरच्या शेवटी कमी जुळतो, जानेवारी-फेब्रुवारीत जास्त. मेट ऑफिसच्या जुन्या तीस वर्षांच्या सरासरीत डिसेंबरात स्नो किंवा पाऊसमिश्रित स्नो पडण्याचे दिवस सुमारे ४, जानेवारी आणि फेब्रुवारीत ५ पेक्षा जास्त आणि मार्चमध्येसुद्धा ४ च्या थोडे वर. म्हणजे ज्या मार्चमध्ये बार्शीला पंखे सुरू होतात, तो मार्चही इथे स्नोच्या बाबतीत डिसेंबरच्या मागे नाही. २०१८ चा तो प्रसिद्ध 'बीस्ट फ्रॉम द ईस्ट' आठवतो ना? फेब्रुवारी संपता संपता आला आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सगळ्यांना घरी बसवून गेला.

मग ख्रिसमस आणि स्नो यांचं लग्न लावलं कुणी? याचं एक कारण पंचांगातलं आहे. इंग्लंडनं १७५२ साली कॅलेंडर बदललं. २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी एकदम १४ सप्टेंबर आला, मधले ११ दिवस गाळले. त्याच्या आधीचा ख्रिसमस आजच्या हिशेबानं जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात यायचा. रशियातलं चर्च अजून जुन्या कॅलेंडरनं चालतं, त्यांचा ख्रिसमस आपल्या ७ जानेवारीला येतो. तेव्हा आपली संक्रांत अगदी आठवड्यावर आलेली असते. सण जरा थंडीच्या बाजूला होता, तो पंचांगानं अलीकडे ओढला.

दुसरं कारण चार्ल्स डिकन्स. त्याचा जन्म १८१२ चा. त्याच्या लहानपणीचं ते दशक फार थंड होतं. १८१४ मध्ये लंडनला थेम्स गोठली आणि नदीच्या बर्फावर जत्रा भरली. ती तशी शेवटचीच जत्रा. १८१५ मध्ये इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही. अशा थंडीत वाढलेल्या माणसानं १८४३ साली 'अ ख्रिसमस कॅरोल' लिहिलं. पुढे कार्डं आली, सिनेमे आले, आणि लहानपणच्या आठवणीतली थंडी सगळ्या जगाची झाली. म्हणजे माझ्यासारखीच गत. सुरुवातीची काही वर्षं पाहिली आणि तोच नियम वाटला.

अमेरिकेतल्या आपल्या श्रोत्यांसाठी दोन वाक्यं. तिथली व्याख्या जास्त प्रामाणिक आहे. ख्रिसमसच्या सकाळी जमिनीवर निदान एक इंच बर्फ हवा. त्या मापानं न्यूयॉर्कला दहा वर्षांतून एखाद्या वेळेस योग येतो, मिनियापोलिसला चारातल्या तीन वर्षी. तेव्हा न्यू जर्सीकरांनो, तुम्ही आणि आम्ही एकाच नावेत.

आता मुद्द्याचं बोलू. करायचं काय?

पहिली गोष्ट, एका दिवसावर पैज लावू नका. एक साधा हिशेब सांगतो, आकडा फक्त उदाहरणासाठी आहे. समजा एखाद्या दिवशी नीट स्नो पडायची शक्यता ३ टक्के आहे. एकच दिवस धरला तर ३ टक्केच. पण पाहुणे ४० दिवस राहिले तर निदान एकदा पडण्याची शक्यता ७० टक्क्यांच्या आसपास जाते. खरं म्हणजे तेवढी जात नाही, कारण स्नोचे दिवस सुटे सुटे येत नाहीत. आले की तीन-चार एकदम येतात, नाहीतर महिनाभर एकही नाही. पण दिशा तीच. मुक्काम लांब ठेवा आणि तो योग्य महिन्यात ठेवा. व्हिजिटर व्हिसावर एका वेळी सहा महिन्यांपर्यंत राहता येतं. मग आपण ते पाच आठवडे नेमके ख्रिसमसच्या भोवती का बांधतो? कारण सुट्टी आपल्या सोयीची असते. आई-वडिलांच्या येण्याच्या तारखा आपल्या ऑफिसच्या कॅलेंडरवरून ठरतात. मीही तसंच केलं होतं.

माझा सल्ला असा, की जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात बोलवा आणि मार्चच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत ठेवून घ्या. फेब्रुवारीच्या मध्यात शाळांना हाफ टर्मची सुट्टी असते, तुमची रजा तेव्हा टाका. तिकिटं डिसेंबरपेक्षा स्वस्त मिळतात. दिवसही मोठा झालेला असतो. ख्रिसमसला लंडनमध्ये आठ तासही उजेड नसतो, फेब्रुवारीच्या मध्यात दहा तास मिळतो. दुपारी चारला अंधार पडला की म्हाताऱ्या माणसांना करमत नाही, हे तुम्ही पाहिलंच असेल.

दुसरी गोष्ट, घरी वाट बघत बसू नका. आपल्या दारात पाऊस पडत असतो तेव्हा डोंगरावर स्नो पडत असू शकतो. शंभर मीटर वर गेलं की तापमान साधारण अर्ध्या-पाऊण अंशानं उतरतं. शक्य असेल तर तीन दिवस स्कॉटलंडला केअरनगॉर्मच्या बाजूला जा. फेब्रुवारीत तिथे बर्फ मिळण्याची शक्यता आपल्या अंगणापेक्षा कितीतरी जास्त. आणि पाच दिवसांच्या पलीकडचा अंदाज मनावर घेऊ नका. ख्रिसमसला स्नो पडेल की नाही हे मेट ऑफिस साधारण पाच दिवस आधी खात्रीनं सांगू शकतं. नोव्हेंबरमध्ये येणाऱ्या मोठमोठ्या बातम्यांचा उपयोग पैजा लावायलाच.

तिसरी गोष्ट काळजीची. स्नो पडला की पहिल्या दिवशी खुशाल बाहेर न्या, ताजा बर्फ भुसभुशीत असतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तोच तुडवून, वितळून, पुन्हा गोठून काचेसारखा होतो. तेव्हा साठीच्या पुढच्या माणसाला चप्पल-मोजे घालून कचऱ्याचा डबा ठेवायलासुद्धा बाहेर जाऊ देऊ नका. चांगल्या पकडीचे बूट घ्या, दारापासून फाटकापर्यंत मीठ टाका. हौसेपायी हाड मोडायला नको.

आणि चौथी, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. शब्द देऊ नका. "स्नो दाखवतो" म्हणू नका. "आलात तर कदाचित दिसेल" म्हणा. ज्याची खात्री आहे तेवढंच कबूल करा, म्हणजे नातवंडं, गरम चहा आणि तुमचा वेळ.

त्या १८ जानेवारीची गोष्ट राहिली. सकाळी स्नो सुरू झाला तेव्हा बार्शीला दुपार झाली होती. व्हिडिओ कॉल काही लागेना, म्हणून साधा फोन केला. म्हटलं, "आई, पडतोय बघ!" आणि खिडकी उघडून फोन बाहेर धरला. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "हॅलो? हॅलो? अरे, काहीच ऐकू येईना. लाइन कट झाली वाटतं."

मी म्हटलं, "कट नाही झाली, आई. आवाजच नसतो त्याला."

आणि खरंच नसतो. उलट ताजा बर्फ आजूबाजूचे आवाजही शोषून घेतो. गाड्या, पक्षी, सगळं गप्प होतं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "असं होय. मग तसंच सांगते त्या पोराला."

बाबा २०१९ मध्ये गेले. त्यांचं स्नो बघायचं राहिलं. ते स्वतः कधी तसं म्हणाले नाहीत, पण १८ जानेवारीला फोन हातात घेऊन त्यांनी मला विचारलं होतं, "किती इंच झाला रे?" नुसता चौकशीचा प्रश्न. मला तो अजून आठवतो.

आईच्या गुडघ्यांनी मधली वर्षं तिला घराबाहेर पडू दिलं नाही. दोन वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया झाली, आता ती काठी न घेता चालते. यंदा ती येते आहे. २४ जानेवारीला येणार आणि १२ मार्चला जाणार. तारखा मी लावल्या नाहीत, हिशेब तिच्यासमोर मांडला आणि तिनं ठरवल्या. फेब्रुवारीत केअरनगॉर्मला तीन दिवसांची खोलीही घेतलीय. माझी मुलगी आता सतरा वर्षांची आहे. ती म्हणते, "आजीला मी चालवत नेईन."

पडेल का? माहीत नाही. शक्यता बरी आहे, खात्री नाही. आईला तसंच सांगितलंय. ती म्हणाली, "नाही पडला तरी चालेल. पण पडला तर मला खिडकी उघडून द्या, मला तो ऐकायचाय."

तर मंडळी, यंदा ख्रिसमसला स्नो पडेल का, तर आपल्या दारात बहुतेक नाही. गरम चहा करा, भजी तळा, पाऊस बघा. आणि गावाकडून कुणाला बोलवायचं असेल तर आज कॅलेंडर काढा आणि डिसेंबरचं पान उलटून पुढे जा.

सगळ्यांना नाताळच्या आणि नव्या वर्षाच्या शुभेच्छा. नमस्कार!